पाठ टेकल्यानंतर

"पाठ टेकली की कुस्ती संपली, माय. त्याच्यापुढं काय राहतंय?" आबा म्हणाले.

"आबा, आमचा पहिला धडाच तिथून सुरू होतो," असं म्हणत माझी लेक ओसरीवरच्या सतरंजीवर सरळ उताणी झाली.

मे महिन्यातली दुपार होती. निलंग्यात चार वाजून गेले तरी फरशीचा चटका जात नाही, म्हणून तिनं सतरंजीखाली दोन गोधड्या घातल्या होत्या. मी खांबाला टेकून चिंचा फोडत बसले होते. आबा म्हणजे माझे वडील, वय 78. तरुणपणी निलंगा, औसा, उमरगा आणि पलीकडं बीदरच्या जत्रांमधून कुस्त्या केलेला माणूस. गुडघे गेलेत, तरी पहाटे खांबाला धरून पंधरा बैठका काढल्याशिवाय चहा घेत नाहीत. लेक पुण्यात नोकरीला आहे. ऑफिस सुटल्यावर चार वर्षं ती ब्राझिलियन जिऊ-जित्सू शिकतेय. पांढरा पट्टा जाऊन आता कमरेला निळा आलाय. आबांच्या तोंडात ते नाव बसत नाही. ते 'तुझं ते ब्राझील' म्हणतात.

दहावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीतल्या पाच-सहा पोरी अकरावीला आणि 'नीट'च्या क्लासला लातूरला जाणार. चौघींत एक खोली करणार, मेसचा डबा खाणार, रात्री क्लास सुटल्यावर पायी खोलीवर येणार. लेक म्हणत होती, माझी पंधरा दिवसांची सुट्टी आहे, तेवढ्यात त्यांना सुरुवातीच्या चार गोष्टी शिकवते. तुमची तालीम रिकामी पडलीय, ती द्या. आबा म्हणत होते, तालीम देतो, पण त्या मातीत कुस्तीच शिकव. यावरून दोघं दुपारपासून बसले होते.

"आपल्या तालुक्याचं नाव कुणी केलं?" आबांची सुरुवात नेहमी इथूनच होते. "रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारनं. 1969 ला महाराष्ट्र केसरी. बेळगावच्या मैदानात सतपालला हरवलं. सतपाल म्हणजे दिल्लीचा डोंगर. पुढं वस्ताद झाला तर बीड जिल्ह्यातल्या राहुल आवारेसारखा पठ्ठा घडवला. आवारेनं 2018 ला ऑस्ट्रेलियात कॉमनवेल्थचं सोनं घेतलं आणि ते बिराजदार मामांना वाहिलं. मामा जाऊन तवा सात वर्षं होत आली होती. ही आपली विद्या. ती सोडून पोरींना जमिनीवर लोळायचं शिकवणार तू?"

"लोळायचंच शिकवणार. आबा, कुस्ती जिंकली की तुम्ही काय म्हणता? समोरच्याला आस्मान दाखवलं. म्हणजे ज्याला आभाळ दिसलं तो हरला. हलगी वाजली, पंचांनी हात वर केला, झालं. पण एखाद्या पोरीला खोलीत कुणी खाली पाडलं, तर तिथं पंच कुठाय? तिला आभाळसुद्धा दिसत नाही, छत दिसतं. तिची झुंज तिथून सुरू होते. मला तिला त्या जागेवरची विद्या द्यायचीय."

चिंचेवर उचललेला माझा दगड तसाच राहिला. आबांच्या तालमीबाहेर मी वाढले, पण पाठ टेकणं म्हणजे शेवट, हे मीही कधी तपासून पाहिलं नव्हतं. आपली बोलीच तशी आहे. चीत होणं, लोळवणं, धूळ चारणं. खाली पडलेल्या माणसाकडं काही शिल्लक असतं, असं सांगणारा शब्द मला त्या वेळी आठवला नाही, अजूनही आठवत नाही.

आबा मागं हटणारे नव्हते. "म्हणून तर पाठ टेकूच द्यायची नाही. पवित्रा घे. पाय खांद्याइतके फाकव, गुडघे वाकव, हनुवटी आत. मानेला हात घातला की मनगट झटक, बगलेखालून निघ आणि पळ. रस्त्यावर गोधडी आंथरलेली नसते. तिथं खडी असती, काचा असत्यात, त्याचे दोन सोबती उभे असत्यात. अशा ठिकाणी आपणहून खाली झोपणारा शहाणा का?"

"नाही," लेक लगेच म्हणाली. "दोघं असतील, हातात चाकू असेल, तर माझ्याही क्लासात एकच डाव सांगतात, पळा. पर्स मागितली तर पर्स द्या आणि पळा. रस्त्यावरच्याबद्दल तुमचंच खरं. पण आबा, रस्त्यावरचे किती असतात?"

इथं मला बोलणं भाग होतं, कारण शाळेत मुलींच्या तक्रार पेटीचं काम माझ्याकडं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसते: बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त ठिकाणी आरोपी ओळखीतलाच असतो. घरातला, शेजारचा, नात्यातला, ओळख करून घेतलेला. म्हणजे जागा बहुतेक वेळा चार भिंतींच्या आतली. धरणारा अगदी अंगाजवळ आलेला. पळायला दार आहे, पण त्याच्या पलीकडं. मी हे सांगितलं तेव्हा आबांनी पानाचा डबा जवळ ओढला, उघडला आणि पान न लावताच मिटला.

"दाव मग," ते म्हणाले.

लेकीनं आधी मनगट पुढं केलं. "धरा. सोडायचं नाही."

आबांचा पंजा अजून फावड्यासारखा आहे. उजव्या हाताचं मधलं बोट कुठल्याशा जत्रेत मोडून वाकडंच जुळलेलं. त्यांनी धरलं तसं तिचं मनगट दिसेनासं झालं. तिनं ओढाताण केली नाही. मला म्हणाली, "आई, बघ. चार बोटं एकीकडं, अंगठा एकीकडं. मुठीला दार असतं ते अंगठ्याच्या बाजूला." तिनं मनगटाची कड त्या फटीकडं वळवली, आपलं कोपर आबांच्या कोपराकडं नेलं आणि हात वर घेतला. सुटला.

"परत," आबा म्हणाले, आणि या वेळी दोन्ही हातांनी धरलं. आता तिला आपलीच मूठ दुसऱ्या हातानं पकडावी लागली, एक पाऊल त्यांच्या अंगात घ्यावं लागलं. पहिल्या झटक्याला नाही सुटला, दुसऱ्याला सुटला. मनगटावर लाल वळ उठला होता. तो चोळत ती म्हणाली, "हे खोटं सांगणार नाही पोरींना. ताकदीच्या माणसाकडून दर वेळी सुटेलच असं नाही. पण मागं ओढलं तर नक्कीच सुटत नाही, आणि भ्यालेलं माणूस मागंच ओढतं."

मग तिनं मला बोलावलं. "आई, माझ्या छातीवर बस."

माझं वजन 70 किलो. ती पंचावन्नची. मला धजवत नव्हतं, पण बसले, दोन्ही गुडघे तिच्या दोन्ही कुशींना लावून. जिऊ-जित्सूत याला माउंट म्हणतात आणि खालच्यासाठी ही सगळ्यांत वाईट जागांपैकी एक. वरचा सगळा भार तुमच्या बरगड्यांवर, त्याचे हात मोकळे, तुमचे अडकलेले. तिनं सांगितलं, आता माझा गळा धरायला ये. मी हात पुढं नेला. तिनं तो हात कोपरासकट मिठीत घेऊन छातीशी बांधून टाकला. त्याच बाजूचं माझं पाऊल तिनं आपल्या पावलानं बाहेरून अडवलं. टाचा बुडाजवळ घेतल्या, कंबर एकदम उचलली आणि त्या अडवलेल्या बाजूच्या खांद्यावरून तिरकी फिरली. मी गोधडीवर बाजूला पडले आणि ती माझ्यावर होती. माझ्या लक्षात येईपर्यंत ती उठून दोन पावलं लांब उभी राहिलेली.

"बाज आहे असं समज," ती म्हणाली. "चार पायांवर बाज हलत नाही. एकाच बाजूचे दोन पाय काढून घेतले की कितीही जड माणूस बसलेला असू दे, ती त्याच बाजूला कलंडणार. त्याचा हात आणि पाय एकाच बाजूचा धरायचा, एवढंच."

आबा पुढं सरकून बसले होते. "कमान मानेवर टाकू नको, खांद्यावर टाक," ते म्हणाले. "मान धरली की महिनाभर पडून राहशील." हा तिच्या प्रशिक्षकांचाही नियम निघाला. आबांनी तिला तीनदा करायला लावलं आणि तिसऱ्यांदा तिचा पाय कुठं ढिला पडतोय ते बोट लावून दाखवलं.

याच्यानंतर तिनं जे दाखवलं ते दिसायला अगदीच साधं, पण तिच्या मते नवशिक्यानं दुसरं काही नाही शिकलं तरी हे शिकावं. उताणं पडायचं, कुशीवर वळायचं, पाय रोवायचा आणि बूड मागं ढकलायचं. अंगाचा पुढं वाक होतो, खालच्या आणि वरच्या माणसात वीतभर जागा होते. त्या जागेत गुडघा घालायचा. इंग्रजीत याला कोळंबीचं नाव आहे. कोळंबी आमच्याकडं कुणी पाहिलेली नाही. सोयाबीनवरची उंटअळी मात्र लातूर जिल्ह्यातल्या प्रत्येक पोरीनं पाहिलीय. अंगाची कमान करायची, सरकायचं, पुन्हा कमान. आमच्या घरी त्या दिवसापासून त्याचं नाव उंटअळी पडलं.

एकदा गुडघा आत आला की पाय वरच्याच्या कमरेभोवती घालून त्याला तिथं बांधता येतं. हा गार्ड. माझ्या मते जिऊ-जित्सूनं जगाला दिलेली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच. खाली पडलेली बाई पायांनी वरच्या माणसाचं अंतर ठरवते. तो बुक्की मारायला मागं झाला तर पाय त्याच्या कमरेवर रोवून त्याला लांब ठेवायचं, जवळ आला तर कवटाळून घ्यायचं, म्हणजे हात उगारायला त्याला जागाच राहत नाही. बाईचे पाय तिच्या हातांपेक्षा कितीतरी दणकट असतात. शेतात, विहिरीवर, जिन्यांवर तेच तर कमावलेले असतात.

"ही तर जांबुवंती," आबा हळूच म्हणाले.

त्यांच्या वस्तादांनी सांगितलेले मल्लविद्येचे चार प्रकार त्यांना पाठ आहेत: भीमसेनी ताकदीची, हनुमंती चपळाईची, जांबुवंती बांधून टाकून शरण आणण्याची, जरासंधी हाडं मोडण्याची. आखाड्यात पहिल्या दोन उरल्या. उरलेल्या दोन मागं पडत गेल्या, गळा आणि सांधा धरायला बंदी आली. मला त्या वेळी 'मानसोल्लास' आठवला. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं तो रचला, त्यात मल्लविनोद म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार, त्यांची मेहनत, सगळं नोंदलेलं. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. सकाळी निलंग्याहून निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येतं. या मुलखाला अंगाला अंग भिडवायची विद्या नवी नाही.

"मग ब्राझीलवाल्यांनी कुठून नेली?" आबांनी विचारलं.

"जपानमधून. जिगोरो कानो नावाचे गुरुजी होते. त्यांनी 1882 मध्ये टोकियोत कोडोकान काढलं आणि जुन्या जिऊ-जित्सूतून जुडो बांधला. त्यांच्याकडचा मित्सुयो माएदा 1904 ला देशाबाहेर पडला, कुस्त्या मारत जग फिरला आणि 1914 मध्ये ब्राझीलला पोचला. तिथं कार्लोस ग्रेसी म्हणून एक पोरगा त्याच्याकडून शिकला. कार्लोसचा धाकटा भाऊ एलियो अंगानं किरकोळ. जे डाव ताकदीवर चालत ते त्याला जमत ना. म्हणून त्या घरात पहारीच्या हिशेबानं डाव बसवले गेले. लहान माणसानं मोठ्याचा सांधा कुठं धरायचा, टेकू कुठं द्यायचा, जमिनीवर दम कसा राखायचा. आणि आबा, कानोंच्याच कोडोकानचे ताकागाकी 1929 मध्ये टागोरांच्या बोलावण्यावरून शांतिनिकेतनात आले होते. तिथं मुलींनाही जुडो शिकवला त्यांनी."

"1929 ला? पोरींना?"

"पोरींना."

आबा गप्प राहिले. मला वाटतं, त्यांनी मनात कसला तरी हिशेब केला. मी तालमीच्या दारात डबा घेऊन उभी राहायची ते 1980 च्या आसपासचं. उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायची परवानगी मला नव्हती. मातीला बाईचा पाय लागू नये, असं तेव्हा होतं. ते त्यांनी केलेलं नव्हतं, पण त्यांनी मोडलंही नाही. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली, तेव्हा आबांनी दूरचित्रवाणीपुढं बसून टाळ्या वाजवल्या. मी स्वयंपाकघरातून बघत होते. राग नव्हता, पण हात थांबले होते.

लेक पुढं सांगत होती: रॉइस ग्रेसी, एलियोचा मुलगा, 12 नोव्हेंबर 1993 ला अमेरिकेत डेन्व्हरला एका रात्रीत तिघांशी लढला आणि तिघांनाही शरण आणलं. अंगापिंडानं तिघांच्यात उठून दिसेल असा नव्हता. त्या रात्रीनंतर जगभर या विद्येचं नाव झालं.

"1993 चा नोव्हेंबर," आबा म्हणाले. "30 सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. त्या नोव्हेंबरात आम्ही पत्र्याच्या शेडमधी होतो, बाई. तालमीची एक भिंत पडलेली. जगात काय चाललंय, कुणाला ठाऊक." मग जरा थांबून, "ती भिंत नंतर सिमेंटची बांधली. चांगली आहे अजून."

अंधार पडायच्या आधी दोघांत खरी अडचण आली ती शरण जाण्यावरून. जिऊ-जित्सूत सांधा किंवा गळा धरला गेला आणि सुटका दिसेना, की समोरच्याच्या अंगावर नाहीतर जमिनीवर दोनदा थापटायचं. याला टॅप म्हणतात. थापटलं की समोरच्यानं त्याच क्षणी सोडायचं. पहिल्याच दिवशी हे शिकवतात, डावांच्याही आधी.

आबांना हे पटेना. आखाड्यात थाप मांडीवर पडते ती आव्हानाची. हार मानायला थाप? त्यांनी 1976 सालची कराचीची लढत काढली. गामा पैलवानांचा पुतण्या अक्रम आणि जपानचा अँटोनियो इनोकी. "इनोकीनं हात पिरगाळून मोडला, तरी अक्रमनं हार मानली नाही. पैलवानाचं काळीज असावं लागतंय तसं."

"तोच डाव आबा, 1951 मध्ये किमुरा नावाच्या जपान्यानं एलियो ग्रेसीला घातला होता. रिओच्या माराकानात. त्यानंही थापटलं नाही, हात मोडला, शेवटी भावानं टॉवेल टाकला. आम्ही त्या डावाला किमुराच म्हणतो. त्यांच्या काळजाला मी नावं ठेवत नाही. पण सोमवारी हात मोडला तर मंगळवारी शिकणार कशी? आणि दुसरं सांगू?" ती उठून बसली. "आमच्या मॅटवर माझ्या दुप्पट वजनाचा माणूस असतो. मी दोन बोटांनी थापटलं तरी तो सोडतो. का, कशाला, असं विचारत नाही. मी 'थांब' म्हटलं आणि समोरचा थांबला, हे मला आयुष्यात पहिल्यांदा तिथं रोजच्या रोज मिळालं. गल्लीतल्या या पोरींना मी सगळ्यांत आधी तेच देणार आहे. थापटलं की सुटतं, याची अंगाला सवय झाली, की जिथं सुटत नाही तिथं काहीतरी चुकीचं चाललंय हे अंग स्वतः ओळखतं."

मी तिची आई. हे वाक्य तिनं कुठून आणलं, ते मला विचारवलं नाही.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी त्यांची सगळ्यांत भक्कम गोष्ट मांडली, आणि ती मला आजही खरी वाटते. "पंधरा दिवसात काय येणार? आमच्याकडं सहा महिने नुसती माती ओढायला आणि जोर काढायला लावायचे. अर्धवट शिकलेला पैलवान जत्रंत जास्त मार खातो, कारण त्याला वाटतं आपल्याला येतंय. पोरगी पळायची ती थांबंल, डाव घालायला बघंल. तिचं वाटोळं कुणी केलं मग? तू."

लेकीनं हे उडवून लावलं नाही. तिनं वही आणली. तिच्या यादीत गळा धरण्याचे दोन डाव होते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या तर दहाएक सेकंदात माणूस बेशुद्ध पडतो. जिऊ-जित्सूतला सगळ्यांत नावाजलेला डाव तो. तिनं ते दोन्ही खोडले. हात मोडण्याचा किमुराही खोडला. उरलं ते एवढं: पडताना डोकं कसं वाचवायचं, मनगट सोडवणं, छातीवरचा माणूस उलथवणं, उंटअळी, पायांनी अंतर राखणं, आणि एक हात मागं टेकून, एक पाय समोर आडवा धरून, नजर न काढता उठणं. जिंकायचा एकही डाव नाही. सगळे सुटायचे. प्रत्येकाच्या शेवटी पोरीनं उठून तालमीच्या दारापर्यंत पळायचं आणि ओरडायचं. हे आबांनी घातलं. "पळाल्याशिवाय डाव पुरा झाला असं धरायचंच नाही," ते म्हणाले, आणि ओरडायचा आवाज बेंबीच्या देठापासून कसा काढायचा तेही दाखवलं. शेजारच्या काकू बाहेर येऊन बघून गेल्या.

मी त्यात माझी भर टाकली, कारण मला पालकांच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो: पोरीनं कुणाला लागेपर्यंत मारलं तर केस तिच्यावर होईल का? 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिची 34 ते 44 ही कलमं खासगी बचावाच्या हक्काची. स्वतःचं शरीर वाचवण्यासाठी केलेली कृती गुन्हा ठरत नाही. बलात्काराच्या किंवा पळवून नेण्याच्या हेतूनं हल्ला झाला तर 38 वं कलम हा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत नेतं. अट अशी की बचावाला लागेल तेवढंच; तो पळाला, पडला, थांबला, की आपणही थांबायचं. आणि सुटल्यावर 112. अठरा वर्षांखालच्या पोरीला 1098 सुद्धा.

"आता तू," लेक मला म्हणाली. "खाली हो."

मी उताणी झाले आणि ती माझ्यावर बसली. पोटची पोर, 55 किलोची. तरी छातीवर भार आला तसा माझा श्वास अडला, आणि काय करायचं ते सगळं, पाच मिनिटांपूर्वी पाहिलेलं, डोक्यातून गेलं. मला वेगळंच आठवलं. मी लातूरला अकरावीत होते. एका बसस्थानकावर, कुठल्या ते असू दे, संध्याकाळच्या गर्दीत एका माणसानं माझं मनगट धरलं. ओढलं नाही. नुसतं धरून माझ्याकडं बघत उभा राहिला. मी ओरडले नाही, हात ओढला नाही, पाय उचलला नाही. बस आली, लोक धावले, त्यानं सोडलं. मनगट मी आठ दिवस साबणानं धूत होते.

हे मी त्या दिवशी सतरंजीवर पडल्यापडल्या मोठ्यानं सांगितलं. पस्तीस वर्षांहून जास्त काळानं, पहिल्यांदा.

"मला का सांगितलं नाहीस?" आबा म्हणाले.

"सांगितलं असतं तर कॉलेज बंद केलं असतंत."

ते नाही म्हणाले नाहीत. लेक माझ्यावरून उठायला गेली, मी तिला उठू दिलं नाही. "बस. गळा धरायला ये," मी म्हणाले. तिचा हात मिठीत बांधला, पाऊल अडवलं, कमान टाकली. पहिल्यांदा नाही उलथली. पाय विसरला होता. दुसऱ्यांदा ती कलंडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी तालमीचं कुलूप काढलं. हौद्यातली लाल माती त्यांनी हलवू दिली नाही. तिच्यावर ताडपत्री आंथरली, त्यावर घरातल्या चार गाद्या आणि दोन सतरंज्या, कडा विटांनी दाबलेल्या. पहिल्या दिवशी तिघी आल्या, चौथ्या दिवसापर्यंत नऊ झाल्या, दोघींच्या आयासुद्धा. आबा दारात खुर्ची टाकून बसायचे आणि धावत येणाऱ्या पोरीचा आवाज बारीक निघाला तर तिला परत पाठवायचे.

लेक सुट्टी संपून पुण्याला गेली. पोरी 16 जूनला लातूरला गेल्या. तालीम अजून उघडी आहे, रविवारी सकाळी सहा वाजता. लातूरहून सुट्टीला आलेली कुठलीही मुलगी, कुठल्याही गल्लीतली, येऊ शकते. गाद्या आमच्या आहेत. केस घट्ट बांधून या, नखं कापून या, बांगड्या घरी काढून ठेवा.